दुकानदार म्हणतो २४० हर्ट्झ, बाबा म्हणतात टीव्ही

ताई, सा. न.

मी अकोल्याचा, वय २४. दिवसा घरून कस्टमर सपोर्टचं काम करतो, रात्री गेमिंग. मागच्या वर्षी पैसे साठवून पीसी बांधला : राईझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. मॉनिटर मात्र बाबांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८चा. आता तो बदलायचाय. बजेट २० हजार, फार तर २२. मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट आणि एकटा असलो की रेड डेड रिडेम्प्शन २ खेळतो. दुकानदाराने २७ इंची, फुल एचडी (१९२० बाय १०८०), २४० हर्ट्झ, कर्व्ह्ड मॉनिटर दाखवला. पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, व्हीए. म्हणाला, "गेमर पोरं हाच नेतात." मला नेटवर २७ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४०), १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनेलचा दिसतोय, जवळपास त्याच किमतीत. पण मित्र म्हणतात तुझ्या कार्डाला १४४०पी झेपणार नाही. बाबा म्हणतात, एवढ्यात ३२ इंची टीव्ही येतो, घरच्या सगळ्यांना होईल. एक जण म्हणतो थांब, ओएलईडी स्वस्त होतायत. टेबल दोन फूट खोल आहे, त्यावरच बहीण बारावीचा अभ्यास करते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. काय घेऊ?

– एक वाचक, अकोला

मित्रा,

तू नेटवर पाहिलेला १४४०पीवालाच घे. दुकानदाराचा नको, टीव्ही नको आणि ओएलईडीसाठी थांबूही नकोस. का, ते जरा सविस्तर सांगते. कारण तू दुकानात गेलास की काउंटरपलीकडचा माणूस पुन्हा २४० हर्ट्झचं पालुपद लावणार आहे आणि तेव्हा तुझ्या तोंडात उत्तर तयार हवं.

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती माझ्या मते टेबलाची आहे. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. त्यातली काही जागा मॉनिटरचा स्टँड खाणार, तू खुर्ची थोडी मागे घेणार, म्हणजे डोळे आणि पडदा यांच्यात ५५ ते ६० सेंटिमीटर राहतील. एवढ्या जवळून बघताना पडदा किती इंची आहे यापेक्षा त्यावरचा एकेक पिक्सेल केवढा आहे हे जास्त महत्त्वाचं. २७ इंचांवर फुल एचडी पसरलं की एक पिक्सेल ०.३११ मिलिमीटरचा होतो. त्याच २७ इंचांत १४४०पी असेल तर ०.२३३. आणि आता गंमत बघ. तुझा तो मोडीतला साडेअठरा इंची मॉनिटर आहे ना, त्याचा पिक्सेल आहे ०.३०० मिलिमीटरचा. म्हणजे दुकानदार तुला वीस हजार घेऊन आत्ता आहे त्याच्याहूनही जाड पिक्सेल देतोय! चित्र मोठं होईल, बारीक मुळीच होणार नाही. अक्षरांच्या कडा दातेरी दिसतील आणि दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या तुला त्या जाणवतील. फुल एचडीच घ्यायचं तर २४ इंचांपर्यंत थांबावं. तिथे पिक्सेल ०.२७४च्या आसपास येतो आणि तो चालतो. २७ इंची फुल एचडी मी कोणालाच सुचवत नाही.

आता ते २४० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते, एवढं तुला माहीत आहेच. पण दुकानात हर्ट्झ मोजतात आणि डोळ्यांना जाणवतात मिलिसेकंद, इथे सगळी फसगत होते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ वर ६.९, १८० वर ५.६ आणि २४० वर ४.२. वजाबाकी करून बघ. तुझ्या आत्ताच्या ६० वरून १८० वर गेलास की फ्रेममागे ११ मिलिसेकंद वाचतात. हा फरक पहिल्या मिनिटात कळतो, नुसता माउसचा बाण फिरवला तरी कळतो. १८० वरून २४० वर गेलास तर वाचतात १.४. स्पर्धेत उतरणारा, रोज पाच-सहा तास सराव करणारा खेळाडू त्यासाठी पैसे मोजतो आणि त्याचं बरोबरही असेल. मित्रांबरोबर जेवणानंतर तीन मॅच खेळणाऱ्याने तेवढ्यासाठी चित्राचा बारीकपणा सोडू नये.

शिवाय तो मॉनिटर व्हीए आहे, आणि त्या किमतीतल्या व्हीएबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय.

व्हीए वाईट नसतं. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ ते) साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ किंवा त्याच्याही पुढे. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायचा तर व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, आयपीएसचा राखाडीकडे झुकतो. दुकानात याच गुणावर तो विकला जातो, कारण तिथे लूपवर लावलेला डेमो चकचकीत रंगांचा आणि संथ हलणारा असतो. खरं घोडं अडतं ते अंधाऱ्या चित्रात काही वेगाने हललं की. व्हीएच्या पिक्सेलला गडद काळ्यातून किंचित कमी गडद रंगावर यायला वेळ लागतो. स्वस्त पॅनेलांत हा वेळ वीस मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. आणि २४० हर्ट्झवर तर दर ४.२ मिलिसेकंदांना नवी फ्रेम येतेय. म्हणजे आधीचं चित्र पुरतं पुसलं जायच्या आत पुढच्या चार-पाच फ्रेम येऊन गेल्या. डोळ्यांना दिसतं काय, तर हलणाऱ्या गडद वस्तूच्या मागे शाईचा फराटा ओढल्यासारखी काळपट शेपटी. गेमिंगवाले याला स्मिअरिंग म्हणतात. रेड डेडमध्ये रात्री जंगलातून घोडा दौडत ने आणि कॅमेरा गर्रकन फिरव, झाडांची खोडं एकमेकांत मिसळलेली दिसतील. तू खेळतोस त्या गेममधल्या अर्ध्या गमतीच्या गोष्टी संध्याकाळनंतर घडतात, हे तुला मी सांगायला नको.

दुकानात हे स्वतः तपासता येतं. विक्रेत्याला म्हण, डेमो बंद कर आणि ब्राउझर उघड. कुठलंही गडद थीमचं पान लाव, काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं असलेलं, आणि ते भराभर वर-खाली सरकव. व्हीएवर अक्षरं सरकताना विझल्यासारखी होतात, थांबली की पुन्हा उजळतात. शेजारी आयपीएस असेल तर त्यावरही तेच पान सरकवून बघ. टेस्टयूएफओ नावाची साइट यासाठीच आहे, पण दुकानात नेट मिळेलच असं नाही, म्हणून ही साधी युक्ती. महागड्या व्हीए पॅनेलांत हा दोष बराच आटोक्यात आलाय, पण ती तुझ्या बजेटात नाहीत.

कर्व्हबद्दल फार बोलत नाही. डब्यावर १५००आर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची अल्ट्रावाइडवर त्याचा उपयोग आहे, २७ वर ती हौस. बहिणीला आलेखातली सरळ रेघ वाकडी दिसली तर तिची बोलणी तू खाशील.

आता मित्रांची शंका. ती अगदीच हवेत नाही. आरएक्स ६६०० हे २०२१च्या ऑक्टोबरात आलेलं कार्ड आणि त्याच्या कंपनीने, एएमडीने, ते फुल एचडीसाठीच म्हणून विकलं. हिशेब असा : तुझ्या आत्ताच्या मॉनिटरवर साडेदहा लाख पिक्सेल आहेत. फुल एचडीवर २०.७ लाख, १४४०पीवर ३६.९ लाख. म्हणजे कार्डाला आजच्या साडेतीनपट पिक्सेल रंगवावे लागतील. आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे खरं, पण नुसता आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा मोजून बघ ना! मॉनिटर न घेताही मोजता येतं.

रेड डेडच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रिझोल्यूशन स्केल नावाचा पर्याय आहे. तो दोनपट कर. गेम आतल्या आत २७३२ बाय १५३६चं चित्र तयार करेल आणि मग ते तुझ्या पडद्याएवढं लहान करून दाखवेल. हे झाले जवळपास ४२ लाख पिक्सेल, १४४०पीपेक्षा थोडे जास्तच. मग कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाब, एएमडीचं सॉफ्टवेअर कोपऱ्यात फ्रेमरेट दाखवायला लागेल. गेममधल्या सेंट डेनिस शहरात एक चक्कर मार, तिथे कार्डाचा घाम निघतो. पन्नासच्या पुढे राहिलास तर प्रश्नच मिटला. चाळीसच्या खाली घसरलास तर पाण्याची, धुक्याची आणि प्रतिबिंबांची सेटिंग एकेक पायरी खाली आण. चित्रात फारसा फरक न पडता सर्वांत जास्त फ्रेम या तिघांतून सुटतात.

तरीही कमी पडलं तर एएमडीचं एफएसआर नावाचं तंत्र आहे. रेड डेडमध्ये ते २०२२ पासून आहे. क्वालिटी मोडला ठेवलंस की गेम दोन्ही बाजूंनी दीडपट लहान चित्र तयार करतो आणि मग ते मोठं करतो. १४४०पीवर असताना हे लहान चित्र १७०६ बाय ९६०चं, म्हणजे १६.४ लाख पिक्सेलांचं. फुल एचडीपेक्षाही कमी! मोठं करण्याचं काम कार्डाला फुकट पडत नाही, थोडा भार येतोच, पण एकूण ओझं पुन्हा त्याच्या आवाक्यात येतं. आणि समोर दिसणारं चित्र २७ इंची फुल एचडीपेक्षा नीटस असतं. हेच एफएसआर फुल एचडी मॉनिटरवर लावलंस तर सुरुवात १२८० बाय ७२० पासून होते, ९.२ लाखांतून. एवढ्या कमी माहितीवरून मोठं केलेलं चित्र पिठलं कालवल्यासारखं दिसतं, पानांचा तर नुसता लगदा. म्हणून 'कार्ड बारीक आहे म्हणून मॉनिटरही बारीक घे' हे मित्रांचं गणित आजकाल तेवढं सरळ राहिलेलं नाही. व्हॅलोरंटची तर काळजीच नको. तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो आणि तुझं ५६०० त्याला पुरून उरतं.

आणखी एक. कार्ड तू दोन-तीन वर्षांत बदलशील. मॉनिटर तेवढ्यात बदलत नाही कोणी, सात-आठ वर्षं सहज चालतो. मग मॉनिटर घेताना आजच्या कार्डापेक्षा थोडा पुढचाच घ्यावा, असं माझं मत. थोडा म्हणतेय. ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, ते आत्ता डोक्यात आणू नकोस.

रेड डेड पन्नास-साठ फ्रेमवर चालला आणि मॉनिटर १८०चा असला तर चित्र तुटतं का, असंही तुझ्या मनात येईल. जुन्या मॉनिटरवर तुटतं. पडदा वरून खाली रंगवत असताना मध्येच कार्डाने नवी फ्रेम पाठवली की वरचा भाग जुना, खालचा नवा, आणि मधे आडवी चीर. फ्रीसिंक असलेला मॉनिटर कार्डाची वाट बघतो, फ्रेम आली की मगच पडदा बदलतो. विकत घेताना स्पेसिफिकेशनमध्ये फ्रीसिंकचा पल्ला बघ. ४८ ते १८० हर्ट्झ असा काहीतरी असेल तर उत्तम. उद्या एनव्हिडियाचं कार्ड घेतलंस तरी अडणार नाही. २०१९च्या जानेवारीत एनव्हिडियाने ड्रायव्हर बदलला, तेव्हापासून जीटीएक्स १० मालिकेच्या आणि पुढच्या कार्डांना असे मॉनिटर चालतात. तेव्हा जी-सिंकच्या (एनव्हिडियाचं अशाच तंत्राचं नाव) नावाखाली कोणी हजार-दोन हजार जास्त मागितले तर हसून नको म्हण.

डब्यावरच्या बाकीच्या स्टिकरांचं दोन ओळींत उरकते. '१ मिलिसेकंद' हा पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेचा आकडा बहुतेक सगळ्या डब्यांवर असतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तो मिळवण्यासाठी मॉनिटरचा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला घाईने रंग बदलायला लावणारी सेटिंग) इतका ताणलेला असतो की हलणाऱ्या वस्तूंमागे पांढरट कडा उमटतात. वापरताना तो मधल्या पायरीवर ठेवायचा. आणि एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला जास्त मोठा फरक दाखवणं. त्यातली 'एचडीआर ४००' ही व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर शिडीतली सर्वांत खालची पायरी. पडद्याचा एक भाग उजळ आणि शेजारचा काळाकुट्ट ठेवण्यासाठी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, तुकड्यातुकड्याने मंद व्हावा लागतो, आणि या पायरीवर त्याची सक्तीच नाही. नुसतं 'एचडीआर १०' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की मॉनिटर तो सिग्नल घेतो. दाखवतो कसा, ते डब्यावर कोणी लिहीत नाही. विंडोजमधलं एचडीआरचं बटण बंदच ठेव.

बाबांचं म्हणणं मात्र एका वाक्यात उडवू नकोस. त्यांना दिसतंय ते बरोबर आहे : तेवढ्याच किंवा कमी पैशांत मोठा पडदा मिळतोय. अडचण अशी की ३२ इंची टीव्ही बहुतेक 'एचडी रेडी' असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८. अगदी तुझ्या साडेअठरा इंची मॉनिटरएवढेच पिक्सेल, फक्त ताणून अर्ध्या मिलिमीटरचे केलेले. दहा फुटांवरून मालिका बघायला ते पुरतं, दोन फुटांवरून एक्सेल बघायला नाही. त्यावर ६० हर्ट्झ, आणि चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही माउसला उशिरा प्रतिसाद देतो ते वेगळंच. बाबांना दुकानात घेऊन जा आणि एखाद्या ३२ इंची टीव्हीला लॅपटॉप जोडून वर्डचं पान उघडायला सांग. फार बोलावं लागणार नाही. घरच्यांसाठीच हवं असेल तर मॉनिटरला दोन एचडीएमआय पोर्ट आहेत का बघ. एकात टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक बसते. मात्र या किमतीत मॉनिटरला स्पीकर नसतात किंवा असून नसल्यासारखे असतात. हेडफोनच्या भोकात जुने स्पीकर लावले की काम भागतं.

ओएलईडी सुंदर असतं, वाद नाही. पण आज त्याची किंमत तुझ्या बजेटच्या दुपटीच्या घरात किंवा पुढे आहे, आणि दिवसभर एकच टूलबार आणि एकच टास्कबार उघडा ठेवणाऱ्याच्या टेबलावर त्याला बर्न-इनचा (एकच चित्र फार वेळ राहून त्याचा डाग कायमचा उमटण्याचा) धोका सर्वांत जास्त. तू आठ तास सपोर्टची खिडकी उघडी ठेवणार, नंतर बहीण पीडीएफ. तुमच्या घरी ते नकोच.

आता डोळे. तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं निम्मं दुखणं तिथेच आहे. नवा मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस दुकानासाठी लावलेला असतो, घरच्या खोलीला तो फार होतो. पडद्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धर. पडद्यावरचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं उजळ दिसत असेल तर कमी करत जा, दोघं सारखे दिसेपर्यंत. बहुतेकांच्या घरी हा आकडा वीस ते चाळीसच्या मधे येतो आणि पहिले दोन दिवस 'अंधारलंय' असं वाटतं. मग सवय होते. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर पडद्यात दिसते, टेबल फिरवता आलं तर बघ. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली हवी. इथे स्टँडचा प्रश्न येतो. स्वस्त मॉडेलांत स्टँड नुसता मागे-पुढे झुकतो, वर-खाली होत नाही. तू आणि बहीण एकाच खुर्चीत आळीपाळीने बसणार, दोघांची उंची सारखी थोडीच असणार? म्हणून वर-खाली होणाऱ्या स्टँडला हजार-दीड हजार जास्त गेले तरी दे. तुझं बजेट मी त्यासाठीच २२ पर्यंत ताणेन, हर्ट्झसाठी ताणणार नाही. तसं मॉडेल मिळालं नाही तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसाची भोकं आहेत याची खात्री कर. पुढेमागे टेबलाच्या कडेला आर्म लावता येईल आणि दोन फुटांतली स्टँडची जागाही सुटेल. एवढं करूनही महिन्याभरात चुरचुर थांबली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याचा नंबर मॉनिटर बदलून जात नाही.

तुझं गाव अकोला, म्हणून एक जास्तीची सूचना. बहुतेक मॉनिटरांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात तुमच्याकडे दुपारी बंद खोलीत ते सहज ओलांडलं जातं. भर दुपारी कूलर नसेल तर पूर्ण ब्राइटनेसवर तासन्‌तास चालवू नकोस आणि मॉनिटरची पाठ भिंतीला चिकटवू नकोस. वीज जाते-येते तेव्हाच्या झटक्यांसाठी यूपीएस हवाच. आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉटचं, मॉनिटर तीस-चाळीस वॉटचा. ३६० वॉट देणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला पुरतो. बॅटरीवर खेळत बसायला नाही.

खरेदी ऑनलाइन केलीस तर डबा उघडताना सलग व्हिडिओ काढ, कुरिअरच्या पट्टीपासून पडदा चालू होईपर्यंत. मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, ताडून बघ. एकाच नावाच्या मालिकेत एक व्हीए आणि एक आयपीएस असं सर्रास असतं, फरक शेवटच्या एका अक्षराचा. परीक्षण वाचायचं तर आरटिंग्जसारखं मोजमाप करून लिहिलेलं वाच. डबा उघडून 'वाह' म्हणणारे व्हिडिओ करमणूक म्हणून ठीक आहेत. आणि ऑर्डर देण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचार. तीन वर्षांची वॉरंटी चांगली, पण मॉनिटर घेऊन दर वेळी नागपूरला जायचं असेल तर घरी येऊन दुरुस्त करणारी कंपनी बघ.

पहिल्याच रात्री दोन तपासण्या कर, परत करायची मुदत संपायच्या आत. पूर्ण पडदा एकेका रंगाचा कर, लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा, आणि अडकलेला पिक्सेल शोध. मग दिवे घालवून काळा पडदा लाव. आयपीएसच्या कोपऱ्यांत पिवळट किंवा रुपेरी उजेड दिसेल, दचकू नकोस. डोकं डावीकडे-उजवीकडे हलव. उजेड तुझ्याबरोबर सरकला, कमी-जास्त झाला, तर ती आयपीएसची झाक, ती सगळ्यांतच असते. जागेवरून हलला नाही, कडेला ढगासारखा चिकटून राहिला, तर तो बॅकलाइट गळतोय. ब्राइटनेस कमी केल्यावरही डोळ्यांत खुपत असेल तर सरळ परत कर.

मग जोडणी. डिस्प्लेपोर्टची केबल वापर. या वर्गातल्या बऱ्याच मॉनिटरांत एचडीएमआयवर १४४ च मिळतात आणि पूर्ण १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर. डब्यात कधीकधी एकच केबल येते आणि ती नेमकी एचडीएमआयची निघते, म्हणून आधी बघून घे. केबल कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला, कार्डाला लाव. तुझ्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे चुकून मदरबोर्डला लावलीस तर काहीच दिसणार नाही आणि मॉनिटर बिघडलेला आला म्हणून तू दुकानदाराशी भांडशील. त्यानंतर विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १८० निवड. हे विसरू नकोस. विंडोज बऱ्याचदा आपल्या मनाने ६० वरच सुरू करतं. १४४चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे आणि "मला तर काही फरक वाटला नाही बुवा" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. शेवटी एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीसिंक चालू कर आणि फ्रेमची कमाल मर्यादा १७५ला बांध. म्हणजे व्हॅलोरंटमध्ये फ्रेम १८०च्या वर उसळून फ्रीसिंकच्या पल्ल्याबाहेर जाणार नाहीत.

आणि समजा काही कारणाने बजेट बारा हजारांवर आलं, घरात खर्च निघाला, तर हिरमुसून २७ इंची फुल एचडीकडे वळू नकोस. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १४४ किंवा १८० हर्ट्झ घे. तुझ्या कार्डाला तो सगळ्यात सोयीचा आणि त्या छोट्या टेबलावर शोभेलही.

बिल जीएसटीचंच घे, दुकानातून घेतलंस तरी. त्यावर मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घे आणि पाठीमागच्या पट्टीवरच्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवून बघ. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात आणि 'पाचशे कमी करतो, बिल नको' म्हणणारा दुकानदार त्या दिवशी तुला ओळखणार नाही.

– ताई